पाटीमागचा हिरवा चौकोन

देवीच्या देवळासमोरची मोरपंखी एका बाजूने सोन्यासारखी पिवळी झाली, आणि अख्खं गाव चपला काढून तिच्यापुढे उभं राहिलं. ही तीच मोरपंखी, जिची पानं पोरं विद्या येते म्हणून पुस्तकात ठेवतात आणि गणितात नापास होतात. आता तिच्या गळ्यात आणखी मोठं काम पडलं होतं.

"मायबापहो, देवीनं झाडाचा रंग बदलला!" देवळातले डोमा महाराज ओरडत होते. "मानसाची कावीळ हे झाड आपल्यात ओढून घेते. पाहा, केवढी ओढली! दर सोमवारी फेऱ्या मारा, पान उशाशी ठेवा, अन डॉक्टरच्या सुईपासून दूर राहा. सुई टोचली का देवी रुसते!"

कावीळ गावात होतीच. पावसात नळाच्या पाण्यात गटार मिसळलं होतं. ते कोणाला दिसलं नाही, झाड मात्र सगळ्यांना दिसलं. बरे झालेले रोगीही महाराजांकडे होते. साधी कावीळ बहुतेकांची विश्रांतीनेच उतरते. श्रेय झाड खात होतं.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. गर्दीत मला सुलोचनाबाई दिसल्या. त्यांनी सुनेला, हर्षाला, धरून आणलं होतं. हर्षाला आठवा महिना. डोळे हळदीसारखे पिवळे, बोलणं अडखळत, पायांचा तोल जात होता. गरोदरपणातली कावीळ आई आणि बाळ दोघांनाही नेऊ शकते.

"बाई, हिला आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्या."

"न्याचंच हाय, गुरुजी. पन फेरी होऊ द्या. अर्ध्यात सोडली त उलटते म्हनतेत."

हर्षाचा नवरा भूपेंद्र मध्येच उभा होता. "गुरुजी, झाड त खरंच बदललं ना? मंग?"

या 'मंग'साठी मला झाडापाशी जावं लागलं.

"झाडात खरा बदल होतो," मी म्हणालो. "नर्सरीतल्या काही पिवळ्या मोरपंख्या तशाच आल्या आहेत. पण तो बदल एखाद्या कोंबात सुरू होतो. मग त्या कोंबाची सगळी फांदी पिवळी, आतून-बाहेरून, आणि नवी फूटही पिवळीच. आता हे पाहा."

मी फांद्या फाकवल्या. आत गर्द हिरवं. पिवळेपणा फक्त रस्त्याच्या बाजूला, तोही छातीएवढ्या उंचीपर्यंत, अनेक फांद्यांवर, आणि टोकं करपलेली. शेजारची जास्वंदसुद्धा त्याच बाजूने करपली होती. मग मी झाडाला टेकवून ठेवलेली देणगीदारांची लोखंडी पाटी बाजूला केली. तिच्यामागे झाडावर पाटीएवढा चौकोन हिरवागार होता.

"देवी काय पाटी पाहून थांबली? नवरात्रासाठी इथलं गवत कोणी मारलं?"

"मीच, गुरुजी," केशवराव पुढे आले. "धानाच्या बांध्यावर मारतो तेच तननाशक. वारा होता थोडा. पन मी त गवतावरच मारलं जी!"

आमच्याकडे घरोघरी फवारणीचा पंप आहे. शेजाऱ्याचा फवारा उडून आपली वांगी पिवळी पडली, तर हीच माणसं त्याच दिवशी भांडायला जातात. देवळापुढे तेच झालं, तर चपला काढतात.

महाराज जराही डगमगले नाहीत. "म्हंजे देवीनं केशवरावच्या हातून करवून घेतलं!"

गर्दीने सुटकेचा श्वास सोडला. दोन-तीन जण तर केशवरावांच्या पाया पडले.

भूपेंद्र मात्र त्या हिरव्या चौकोनाकडे पाहतच राहिला आणि गाडी आणायला धावला. सुलोचनाबाई ओरडत राहिल्या, "अर्धी फेरी राहिली, बाप्पा!" आम्ही हर्षाला उचलूनच गाडीत घातलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि एवढंच विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

बाळ पोटातच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी हर्षा गेली.

मी त्यांच्या घरी बसायला गेलो. सुलोचनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी मधात नसते पडले, गुरुजी, फेरी पुरी झाली असती, त माही सून वाचली असती."

मी भूपेंद्रकडे पाहिलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मलेबी तसंच वाटून राहिलं जी."

मी त्या घरातून उठून आलो. तुम्हाला सांगतो. डोळे पिवळे दिसले की दवाखाना गाठा. बाई गरोदर असेल तर तासभरही थांबू नका, आणि फेरी पुरी करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका. या सोमवारीही देवळापुढे रांग आहे. तिच्यात दोन बायका पोटुशी आहेत, आणि त्यांना घेऊन आलेली माणसं माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्याशी बोलत असतील, तर आजच जाऊन सांगा.