उतारावर मोडलेली आण

मी एक जुना गियरबॉक्स आहे. महाडच्या एका गॅरेजात, मागच्या भिंतीशी, उघड्या पोटाने पडलेला. मित्रांनो, बऱ्याच गाड्यांत गियर चालकाला बदलावा लागतो. मी मात्र स्वतःहून बदलणारा. चढ आला की जोर वाढवायचा, सपाटी आली की वेग द्यायचा, हे मला कुणी सांगायची गरज नसे. त्याचा मला थोडा तोराही होता, खोटे कशाला बोलू?

मी ज्या ट्रकात होतो, त्याच्या चारही चाकांना जोर मिळे. मुंबईतल्या एका ठेकेदाराकडे केरू नावाचा चालक हा ट्रक चालवत असे. नोकरी सोडताना त्याने तोच विकत घेतला आणि कापडे गावाच्या वर असलेल्या आपल्या डोंगरवाडीवर आणला. वाडीवर दुसरी गाडी नव्हती. शेळ्या, भाताची पोती, आजारी माणसे, सगळे माझ्या जिवावर खाली उतरू लागले.

पण माझी खरी सवारी म्हणजे केरूची बायको साळूबाई. तिचे गुडघे कामातून गेले होते. खाली कापड्यात तिची म्हातारी आई, बनुबाई, एकटी राहत असे. दर सोमवारी साळूबाई जाई, आईला न्हाऊ घाली, तिचे केस विंचरी आणि संध्याकाळी परत येई. उतरताना ती माझ्या गियरच्या दांड्यावर थाप मारून म्हणे, “पोचवलंस रे बाबा.” त्या एका थापेवर मी आठवडाभर खूश असे.

केरूला मात्र एक खोड होती. तरुणपणी त्याने घाटात जीपगाड्या हाकल्या होत्या. उतार लागला की दांडा न्यूट्रलवर टाकून गाडी मोकळी सोडायची, किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे आणि डिझेल वाचले म्हणून मिशीत हसायचे, ही त्याची जुनी सवय. मित्रांनो, माझ्या अंगात तेल खेळवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद झाले की माझ्या घशाला कोरड पडे, आणि चाके तर मला गरागरा फिरवतच राहत. मी तापत होतो, झिजत होतो. ओरडून सांगायला मला तोंड नव्हते.

दोन वर्षांनी चढावर माझी पकड सुटली. ट्रक ओढून महाडला आणला. गॅरेज अनुपमाताईंचे. त्यांनी मला उघडले, काळे पडलेले तेल हुंगले, तापून निळी झालेली दातेरी चाके हातात घेतली आणि केरूला सरळच विचारले, “काका, उतारावर इंजिन बंद करता का?”

“नाय गो ताई, कदीच नाय,” केरू म्हणाला.

साळूबाई शेजारीच बसली होती. तिने खाली पाहिले आणि ती गप्प राहिली. तो खोटेपणा मला फार लागला.

अनुपमाताईंना सगळे कळले होते, पण त्या वाद घालत बसल्या नाहीत. पाच आठवडे त्यांनी माझ्यावर खर्च केले. माझा प्रत्येक भाग धुऊन पुसून फडक्यावर मांडला. निळी चाके बदलली, पकड धरणाऱ्या नव्या क्लचप्लेटा तेलात मुरवून मग बसवल्या. केरूला त्यांनी बजावले की उतारावर दांडा खालच्या गियरवर ठेवायचा आणि इंजिन चालूच ठेवायचे. केरूने नारळ फोडला, माझ्यावर हळदकुंकू वाहिले आणि हात ठेवून वाघजाई देवीची आण घेतली. मी भोळा. मी विश्वास ठेवला.

तीन महिने त्याने शब्द पाळला. मग कापड्याच्या टपरीवर जीपवाल्यांनी त्याची चेष्टा केली, की केरू आता उतारावरही डिझेल जाळतो. परतीच्या वाटेवर एक छोटा उतार आला आणि त्याचा हात किल्लीकडे गेला.

“अवो, आण घेतलीव ना?” साळूबाई म्हणाली.

“देवीला काय गियर कळत्यात?” केरू हसला. मग रोजच तसे होऊ लागले. साळूबाई पुन्हा गप्प झाली.

पावसाळा सरता सरता मी पुरता मोडलो, तोही सोमवारी, भर उतारावर. बनुबाई दिवसभर लेकीची वाट पाहत दारात बसून राहिली.

गॅरेजात केरू चारचौघांत म्हणाला, “ताई, तुमचं काम कच्चं. या बॉक्सनं दगा दिला.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. अनुपमाताईंनी मला उघडले आणि निळी पडलेली नवी चाके त्याच्यासमोर ठेवली. साळूबाई भिंतीला धरून उठली. माझ्याजवळ आली, तेलकट अंगावर हात ठेवला.

“ताई, यानं दगा नाय दिला,” ती म्हणाली. “आमी दिला. ह्यांनी किल्ली फिरवून आन् मी गप बसून.”

माझ्या जागी केरूने हाताने बदलायचा गियरबॉक्स बसवून घेतला. जाताना त्याने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

मित्रांनो, जे तुमच्यासाठी राबते त्याला काय सोसत नाही, ते एकदा विचारून घ्या. आणि चूक केलीत तर ती मुक्याच्या माथी मारू नका.

परवा अनुपमाताई सांगत होत्या, साळूबाई सोमवारी कापड्याला जाते. केरूच्या शेजारी बसते. उतार लागला की काही बोलत नाही, फक्त हात पुढे करून किल्लीवर ठेवते आणि कापडे येईपर्यंत काढत नाही.