टाकं कोरडं कोणी करायचं

रिसोडच्या गुलाबचंद सेठनं मरायच्या आधी घरात दोन गोष्टी पक्क्या बांधल्या. एक न्हाणीतलं टाकं, आणि दुसरं बायकोचं आणि भावजयीचं वैर. टाक्याला तरी गवंडी लागला होता.

टाकं बायकोसाठी होतं. हीराबाईंचे गुडघे धरले होते आणि अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, रोज कमरेएवढ्या गरम पाण्यात बसायचं, नाहीतर वर्षभरात खाट. म्हणून किसनसिंग गवंड्याकडून मोझॅकचं, पांढऱ्या संगमरवरी खड्यांचं, आत पायरी असलेलं टाकं करून घेतलं. वर तांब्याचा बंब, खाली पाणी सोडायला बूच. जाताना किसनसिंग म्हणाला, "याले चिंच-लिंबू लावसान तं दगड खाऊन जाईन. फक्त रोज पुसून कोरडं ठेवा. मंग पोरं मोठे होतीन पन टाकं तसंच राहीन."

सेठ गेल्यावर धाकट्या भावानं, दुलीचंदनं, वाटणी मागितली. समाजाच्या पंचांनी घर मधोमध कापलं, आणि कापताना न्हाणी नेमकी रेघेवर आली. तेव्हा निवाडा असा झाला की न्हाणीला दोन्हीकडून दार, टाकं दोघांचं, आणि जो शेवटी न्हाईल त्यानं ते पुसून कोरडं करायचं. हीराबाईंना मूलबाळ नव्हतं. त्या पहाटे बसून उठायच्या. दुलीचंदची बायको पानाबाई आणि तिची पोरं मागून न्हायची. म्हणजे पुसणं जन्मभर पानाबाईच्या वाट्याला आलं. पंचांपैकी कुणाच्याही घरात टाकं नव्हतं, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुसण्याचंही एक वेळ चाललं असतं. पण दुपारी हीराबाई काठी टेकत यायच्या, टाक्यात वाकायच्या, तळावरून एक बोट फिरवायच्या आणि ते बोट उजेडाला धरून बघायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. शिवी दिली असती तर पानाबाईनं परत दिली असती. बोटाला काय परत द्यायचं?

"आज काय निंगालं बोटाले?" पानाबाई आतून विचारायची.

"काई नाई. पाह्यलं फक्त."

"रोज पाह्यता, कदी निंगालं का?"

"निंगालं असतं तं सांगतलं असतं."

असं चार वर्षं चाललं. त्र्याहत्तरच्या चातुर्मासात हीराबाईंनी साध्वींचा मुक्काम असलेल्या जैन स्थानकात थोरल्या साध्वींसमोर, महासतीजींसमोर हात जोडून नेम घेतला की कार्तिकी पुनवेपर्यंत लीलन-फूलनला धक्का लावणार नाही. लीलन-फूलन म्हणजे शेवाळ. जैनाच्या हिशेबी शेवाळाच्या सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यात मोजता येणार नाहीत इतके जीव. ते खरवडलं, तुडवलं किंवा त्यावर गरम पाणी ओतलं, तर तेवढी हत्या माथ्यावर. पानाबाई त्याच रांगेत मागं बसली होती. तिनं नेम घेतला नाही. नीट ऐकला मात्र.

चातुर्मास लागताच, आषाढातच, ती पोरांना घेऊन दहा-बारा दिवस माहेरी शेलूबाजारला गेली. जाताना पोरांच्या अंघोळीचं दोन बोटं पाणी टाक्यात तसंच, बूच घट्ट. आपल्या बाजूच्या दाराला कुलूप, आणि हीराबाईंच्या दाराची कडी आतून लावलेली. दुलीचंदला म्हणाली, "किल्ली माह्यापाशी राह्यली तं राह्यली. तुमी दुकानामागं न्हा."

ती परत आली, कडी काढली, आणि दार उघडताच हीराबाई काठीवर उभ्या. टाक्याचा तळ हिरवागार झाला होता. पायरीवर मखमल घातल्यासारखी लव. हीराबाईंनी बोट पुढं केलं आणि अर्ध्यात थांबवलं.

"घ्या, आज निंगालं," पानाबाई म्हणाली.

"काहून केलं तू हे?"

"म्या काय केलं? पानी राह्यलं, माहेरच्या घाईत. आता घासलं तं तुमचा नेम मोडते, नाई घासलं तं तुमचे गुडघे. पाहा बाप्पा काय करायचं ते. अन् चार महिने तुमी बसतच नसान, तं तुमच्याकडचं दार वीट लावून बंदच करू. आमी पाहून घेऊ टाक्याचं."

बंब पेटवणारी कमलीबाई तुराट्यांचा भारा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बाई, मी घासून देतो. मले कोनता नेम हाय?"

"मी पाहून घासू दिलं तं ते म्याच घासलं," हीराबाई म्हणाल्या. "तुराट्या ठेव तिकडं."

पानाबाईनं त्या दिवशी पोळीला दुप्पट तूप लावलं असं दुलीचंद सांगायचा. त्याला कारण माहीत नव्हतं, त्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी व्याख्यान सुटल्यावर हीराबाई आल्या त्या एकट्या नव्हत्या. स्थानकातल्या सगळ्यांत वडील सूरजबाई आणि त्यांच्यामागं बायकांची रांग. हीराबाईंनी न्हाणीचं दार उघडलं आणि टाक्याकडं हात केला, जसा कुणी नवी सून दाखवावी.

"पानाच्या हातून जीव उपजले," त्या म्हणाल्या. "लेकराईले थंड पान्यानं न्हाऊ घालीन पन यायले धक्का नाई लावनार, म्हनते. म्या म्हनलं, हे सूरजबाईच्या कानावर घालाव."

सूरजबाईंचे डोळे भरून आले. "पाना, आम्ही तुले काय समजत होतो. हात जोड, आत्ताच नेम घे. पुनवेपर्यंत या जीवांची रखवाली तुह्याकडं."

दारात दुलीचंद उभा होता. त्याला त्या वर्षी स्थानकाच्या कमिटीत जायचं होतं. त्यानं बायकोकडं असं पाहिलं की पानाबाईचे हात आपोआप जोडले गेले.

बायका गेल्यावर ती जावेकडं वळली. "तुमचे गुडघे जातीन यात."

"जाऊ दे," हीराबाई म्हणाल्या. "तुह्यं न्हानंबी जाईन."

गेलं. पानाबाई आणि तिची पोरं अंगणात गोणपाटाच्या आडोशाला बादलीनं न्हायला लागली, वरून पाऊस, खालून चिखल. इकडं हीराबाई बंबाचं पाणी फडक्यानं गुडघ्यावर धरायच्या, पण फडक्यानं कुठं भागतं. आधी पायऱ्या सुटल्या, मग स्थानक सुटलं. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, की पानाच्या हातचं खाण्याची आणि पानाच्या हातानं उठण्याची वेळ येऊ नये. पर्युषण येईतो ती वेळ आली. कमलीबाई बंबापुरती यायची. बाकी दिवसभर घरात दुसरं होतं कोण? सूरजबाईंनीच ठरवून टाकलं, शेवाळाचे जीव सांभाळणारी बाई जावेला टाकते होय?

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, दोघींनी रीतीप्रमाणं एकमेकींची क्षमा मागितली. टाकं त्यात धरायचं का, हे कुणी विचारलं नाही. क्षमा मागून झाल्यावर हीराबाई खाटेवरून म्हणाल्या, "ओलं हाय ना आतून? वाळू देऊ नको. रखवाली हाय तुह्याकडं."

"गडूभर घालतो रोज."

"गाळून?"

"गाळून," पानाबाई दात आवळून म्हणाली.

कार्तिकी पुनव झाली. पानाबाईनं बूच काढलं, दोन्ही दारं सताड उघडली, आणि शेवाळ आपोआप वाळून काळी खपली धरेपर्यंत थांबली. मग कमलीबाईला विटेचा तुकडा दिला. डाग जाईनात तेव्हा घरातली सगळी चिंच कालवून तळाला थापली आणि तशीच ठेवली. डाग गेले. त्यांच्यासोबत घोटाईही, वरची गुळगुळीत चकाकी, गेली. पांढरे खडे खड्डे पडून देवीच्या वणासारखे झाले, आणि प्रत्येक खड्ड्यात थेंबभर पाणी बसायला लागलं. किसनसिंगानं येऊन पाहिलं, हात लावला, चहा न घेता गेला.

डॉक्टरचं सांगणं मात्र तसंच होतं. रोज गरम पाणी. आता हीराबाईंना काखेत हात घालून टाक्यात उतरवावं लागायचं, आणि पानाबाईला सवड व्हायची ती स्वयंपाक, पोरं, सगळं आवरल्यावर. म्हणजे शेवटी न्हाणारं माणूस आता हीराबाई.

पहिल्याच दिवशी पानाबाईनं त्यांना बाहेर काढून पाटावर बसवलं आणि फडकं त्यांच्या मांडीवर टाकलं. "पंचाचा निवाडा हाय. शेवटी न्हाला त्यानं पुसायचं."

"बराबर हाय," हीराबाई म्हणाल्या. "पुसतो. मले आत उतरव."

पानाबाईनं पदर खोचला, पण हात पुढं केला नाही.

"उतरव ना. पुसून झालं का पुन्हा काढ. मंग माह्ये पाय ओले झाले असतीन, तेवढं पुन्हा पुसा लागन. मंग पुन्हा उतरव. मले काय, दिवसभर हायच मी."

पानाबाईनं फडकं उचललं आणि स्वतः आत उतरली. गुळगुळीत टाकं पुसायला कधी काळी एक हात फिरवला की झालं होतं. आता एकेका खड्ड्यात फडक्याचं टोक घालून पाणी टिपावं लागत होतं. कंबर धरली. वर आली तेव्हा घामानं थबथबली होती.

हीराबाई पाटावरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकल्या, काठावरून बोट फिरवलं आणि ते खिडकीच्या उजेडाला धरलं.

"काय निंगालं?" पानाबाईनं विचारलं.

"ओलं हाय अजून," हीराबाई म्हणाल्या.