टाकीमागची छत्री

मी छत्री. पण मला हातात घेऊन कुणी पावसात निघत नाही. उलट पाऊस आला की मीच बंद पडते आणि घरातली माणसं माझ्या नावानं बोटं मोडतात. मी टीव्हीची छत्री आहे. महिन्याला काही न भरता जी चॅनलं दिसतात, ती आभाळातून गोळा करून खाली पाठवणारी. शिकलेले लोक मला डिश अँटेना म्हणतात, पण निलंग्यात त्या नावानं मला अजून कुणी हाक मारलेली नाही. इथं मी 'फुकटची छत्री'. त्यातला 'फुकटची' हा शब्द लोक जरा हळू आवाजात म्हणतात.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. कुठल्याशा कारखान्यात पत्र्याला परातीसारखा खोलगट आकार दिला आणि मी झाले. आठवतं ते लातूरच्या गंजगोलाई बाजारातलं दुकान. तिथं आम्ही वीसेक बहिणी एकीवर एक रचलेल्या पडून होतो आणि गिऱ्हाइकांची बोलणी ऐकत होतो. गंमत अशी, की आम्हाला स्वतःसाठी कुणीच नेत नसे.

"शेतातल्या आखाड्यावर, खोपीत गडी राहतोय, त्याला पायजे," एकजण म्हणायचा.

"सासऱ्याच्या गावाला द्यायची हाय. आमच्याकडं केबल हाय की," दुसरा सांगायचा, कुणी विचारलं नसताना.

दुकानदार मान डोलवायचा. लातूर जिल्ह्यात इतके आखाडे आणि इतके सासरे असतील असं मला तोवर वाटलं नव्हतं.

मग एक दिवस एक मुलगी आली आणि सरळ म्हणाली, "आमच्या घरावर लावायची हाय. हिच्यावर कन्नड चॅनल लागतंय ना?"

दुकानदारानं एकदा वर पाहिलं. ही शिवकन्या. निलंग्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. पहिल्या पगारातून आईसाठी काहीतरी घ्यायचं म्हणून आली होती. साडी नाही, बांगड्या नाहीत, मी.

एसटीत तिनं मला मांडीवर उभी धरली. कंडक्टर म्हणाला, "ताई, परात लई मोठी हाय. लगीन हाय का कुणाचं?"

"न्हाई हो," ती म्हणाली, "आमच्या अव्वाचं माहेर हाय हे."

कंडक्टरला काही कळलं नाही. मलाही नाही. कळलं ते घरी गेल्यावर.

शिवकन्येची आई नीलम्मा ही भालकीची, म्हणजे कर्नाटकातली. निलंग्याहून भालकी काही लांब नाही, पण लग्न होऊन तीस वर्षं झाली आणि घरात कन्नड बोलायला माणूस नाही. नवरा गुरुबसप्पा. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, देवळाच्या कमिटीत नाव, लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची. लोक त्यांना शेटजी म्हणत. बायको फोनवर भावाशी कन्नडमध्ये बोलायला लागली की शेटजी डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज काढायचे आणि स्वतःच हसायचे. तिनं फोनवर बोलणं कमी केलं होतं. घरी केबल होती, पण तिच्यात कन्नड येत नव्हतं.

मला पाहून शेटजींनी कपाळाला हात लावला.

"ही घरावर चढली तर बाजारात मला तोंड दाखवायला जागा राहील का? शेटजीच्या घरावर फुकटची छत्री?"

"अप्पा, अव्वाला कन्नड ऐकायचंय."

"तीस वर्सं ऐकलं न्हाई, तर काय बिघडलं तिचं?"

नीलम्मा कणीक मळत होती. शिवकन्या मला घेऊन जिना चढायला लागली. शेटजी मागून आले आणि शेवटी तडजोड झाली. मला लावायचं, पण मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागं. रस्त्यावरून दिसता कामा नये.

मिस्त्री आला. त्यानं माझं तोंड आग्नेयेकडे वळवलं आणि नेहमीची ओरडाओरड सुरू झाली. वरून "आलं का?", खालून "न्हाई!", वरून "आता?", खालून "आलं, आलं... गेलं!" असं अर्धा तास चाललं. मग खालून कुणी ओरडेना. जिना उघडाच असतो, त्यामुळे खालचं मला सगळं ऐकू येतं आणि थोडंफार दिसतंही. टीव्हीवर एक माणूस कन्नडमध्ये तुरीच्या मर रोगावर बोलत होता. नीलम्मा कणकेच्या हातानं जमिनीवर बसली होती आणि पदरानं डोळे पुसत होती. तुरीवरचा रोग ऐकून रडणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

महिनाभरात शेटजींच्या लक्षात आलं की मला काही द्यावं लागत नाही. मग त्यांनी केबल बंद केली. पण भिंतीवरून आत आलेली केबलची काळी वायर मात्र काढू दिली नाही. ती रस्त्यावरून दिसायची ना! पैसे वाचवायला मी आणि अब्रू वाचवायला वायर, अशी आमची वाटणी झाली. काम मी करायची, मान वायरीला.

संध्याकाळी शेटजी ओट्यावर बसले की समोरचा सुदाम शिंपी गप्पा मारायला यायचा. त्याची छत्री त्याच्या दारावरच होती, उघडी.

"आमच्याकडं चारशे चॅनल हायत," शेटजी त्याला सांगायचे. "पर बघायला येळ कुठाय?"

"आमच्याकडं जेवढे हायत तेवढे बघून होत्यात," सुदाम म्हणायचा.

गच्चीवरून मला सगळी गल्ली दिसते. खाली ओट्यावर मान ताठ करून केबलच्या गप्पा मारणाऱ्या घरांवर, टाक्यांच्या मागं, अशा आम्ही सातजणी होतो. कुणावर पोतं टाकलेलं, कुणापुढं मोडका पाळणा उभा केलेला. नीलम्मा तर माझ्या खोलगट अंगात लाल मिरच्या वाळत घालायची. मिरच्यांमुळे चित्राला मुंग्या यायच्या, पण तिच्यावर मला कधी राग आला नाही.

अशी दोन वर्षं गेली आणि शिवकन्येला पाहायला लातूरहून पाहुणे यायचं ठरलं.

मुलगा सोमेश, बँकेत नोकरीला. वडील शिवमूर्ती, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. आई मल्लम्मा. स्थळ चांगलं होतं आणि शेटजींना ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. पाहुणे यायच्या तासभर आधी ते गच्चीवर आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. टाकीमागं असूनही मी त्यांना तेव्हा फार मोठी वाटत असणार. दोरीवर नुकतीच धुतलेली वाकळ निथळत होती. ती त्यांनी ओढली आणि माझ्यावर टाकली.

ओल्या वाकळीतून आभाळ पोचत नाही. मी गप्प झाले.

खाली मुरमुऱ्यांचा सुशीला झाला, चहा झाला. शिवकन्येला दोन प्रश्न विचारले, तिनं सोमेशला तीन विचारले. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात शिवमूर्ती म्हणाले, "शेटजी, आज मॅच हाय. जरा लावा की, स्कोर तरी बघू."

शेटजींनी टीव्ही लावला. पडद्यावर 'सिग्नल नाही'.

"केबलवाल्याची लाइन गेली असंल," शेटजी म्हणाले. "चारशे चॅनल हायत आमच्याकडं. पर असंच करतोय बघा तो."

दुसऱ्या कुणी विषय बदलला असता. पण चाळीस वर्षं बसच्या पोटात हात घालणाऱ्या माणसाला बंद पडलेलं काही दिसलं की बसवत नाही. शिवमूर्ती उठले, टीव्हीमागं वाकले आणि वायर हाताला धरून निघाले. "वायर तर वर चाललीय. बघतो की मी, दोन मिनिटाचं काम."

"र्‍हाऊ द्या हो, तुमी पाव्हणे!" म्हणत शेटजी मागं धावले.

दोघं गच्चीवर आले. शिवमूर्ती वायरीच्या मागोमाग टाकीमागं आले आणि माझ्यासमोर थांबले. वाकळीखालून माझा काठ चांगला वीतभर बाहेर दिसत होता.

"ही कोण, पदर घेतलेली?" त्यांनी विचारलं.

शेटजींनी वाकळ ओढून तो काठ झाकला. आणि मग ते जे बोलले, ते ऐकून माझ्या अंगातला पत्रा गार पडला.

"ती... ती सोलर शेगडी हाय. जुनी. हिच्यावर भात शिजतोय."

शिवमूर्तींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या वायरीकडे. "शेगडीला टीव्हीची वायर?"

शेटजी काही बोलायच्या आत शिवकन्या जिन्यातून वर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं वाकळ ओढून बाजूला टाकली. खाली टीव्ही एकदम बोलायला लागला, मॅच नव्हे, कन्नड बातम्या.

"काका, ही छत्री हाय," ती म्हणाली. "मीच आणली. अव्वाला कन्नड ऐकायचं होतं. केबल दोन वर्सांपास्नं आमच्याकडं न्हाईच."

शिवमूर्तींनी हातातली वायर खाली सोडली. मग म्हणाले, "शेटजी, छत्रीचं काय घेऊन बसलाव? आमच्या बी घरावर छत्रीच हाय. रस्त्याकडच्या अंगाला. पोरगी आमाला पसंत हाय. खरं बोलती. पर माणूस आज छत्रीला शेगडी म्हणतोय, तर उद्या आणखी कशाला काय म्हणंल, हे आमी कसं वळखावं?"

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी फोनवर नकार आला.

शेटजी दोन दिवस दुकानात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी हातात पकड घेऊन वर आले. म्हणाले, "हिच्यामुळं सोयरीक मोडली." खोटं ते बोलले आणि खिळखिळी मी होणार होते. माणसांची ही रीत मला आता नवी नाही. घरात काही बिघडलं की आधी वायर हलवून बघतात, मग मला फिरवतात, स्वतःकडे कुणी बघत नाही.

त्यांनी पहिला नट ढिला केला आणि मागून नीलम्माचा आवाज आला.

"काढा की. मी भालकीला जाते. तिथं कन्नड ऐकाया छत्री लागत न्हाई."

शेटजी वळले. तीस वर्षांत तिनं त्यांना असं कधी ऐकवलं नसावं, कारण त्यांना पकड खाली ठेवायचंही सुचेना.

"येडी का खुळी तू? लोक काय म्हणतील?"

"काय बी सांगा लोकांना. तुमाला सांगता येतंय."

एवढं बोलून ती खाली गेली. शेटजी बराच वेळ टाकीला टेकून उभे होते. मग त्यांनी तो नट परत आवळला. जरा वाकडाच आवळला, पण आवळला.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी लातूरला, पाहुण्यांकडे जायचं काढलं. शिवकन्या म्हणाली, "अप्पा, माझ्या लग्नासाठी जाऊ नका. मला काय घाई न्हाई. जायचं तर खरं सांगायला जा."

शेटजी सकाळच्या एसटीनं गेले आणि दुपारी परत आले. नीलम्मा गच्चीवर शेवया वाळत घालत होती. तिच्याजवळ येऊन खाली बसले आणि माझ्यादेखत सगळं सांगितलं.

"दारातच म्हणलो, ती शेगडी न्हवती. फुडं काय बोलावं सुचंना. ते म्हणाले, ठावं हाय, बसा, जेवून जा."

"मग?"

"मग बसलो. आन कोण जाणे, तोंड थांबंचना. वायर नुसती दाखवायची हाय म्हणलो. चारशे चॅनल खोटं म्हणलो. बंगलोरच्या म्हणून विकतो त्या साड्या सुरतेच्या हायत, ते बी सांगितलं. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, शेटजी, पुरं आता. समदं एकाच दिवशी सांगू नका."

नीलम्मा हसली. शेवया उडाल्या.

पुढं शिवकन्या आणि सोमेश लातुरात दोनदा भेटले, आपापलं बोलले आणि मग हो म्हणाले. लग्न झालं. शिवकन्या आता लातूरला असते, तिथल्या शाळेत गणित शिकवते.

मी आता टाकीमागं नाही. शेटजींनी मिस्त्री बोलावून मला पुढच्या कठड्यावर आणलं आणि केबलची वायर स्वतः कापली. बाजार आठ दिवस हसला, मग त्याला हसायला दुसरं कुणी मिळालं. आमच्या सातजणींपैकी तिघी आतापर्यंत पुढं आल्यात. उरलेल्या अजून पोत्याखाली आहेत. त्यांच्या मालकांची नावं मी सांगणार नाही, पण ते सगळे संध्याकाळी ओट्यावर चॅनलांची संख्या सांगताना भेटतील.

माझ्या काठाला गंज चढलाय. कबुतरं अंगावर बसतात आणि बसल्याची खूण ठेवून जातात. हल्ली घरोघरी माणसं मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात आणि टीव्ही एकटाच भिंतीशी बोलतो. आमच्या घरी मात्र दुपारी दुकान बंद करून शेटजी घरी येतात आणि नीलम्माशेजारी बसतात. कन्नड लागलेलं असतं. दर दोन मिनिटांनी ते विचारतात, "आता काय म्हणला तो?" आणि ती अर्थ सांगते.

एक गोष्ट फक्त मलाच माहीत आहे. ती कधीकधी मुद्दाम चुकीचा अर्थ सांगते. परवा बातम्यांत कुणी मोठा माणूस वारल्याचं सांगत होते आणि शेटजी मांडीवर थाप मारून हसत होते. नीलम्मा पदर तोंडाला लावून बसली होती.

मी मधे कशाला पडू? चित्र पोचवायचं काम माझं. अर्थ सांगायचं काम नीलम्माचं, आणि ते तिला तीस वर्षांनी मिळालंय. म्हणून मायबापहो, मला भंगारात द्यायचं असेल तेव्हा द्या, पण एवढ्यात नको. तिचं अजून बरंच सांगायचं राहिलंय.