पातेलं रशियाचं, झाकण अमेरिकेचं

ही गोष्ट सन १९८७ची. त्या साली कपाशी बरी आली होती आणि भरताची वांगी तर अशी, की एकेक वांगं हातात घेतलं की पोराचं डोकं धरल्यासारखं वाटावं. गावात टीव्ही येऊन तीन वर्षं झाली होती. आणि पिंपळखेडी गावाचे रशिया आणि अमेरिका असे दोन तुकडे होऊनही तीनच वर्षं झाली होती.

पिंपळखेडी म्हणजे बोदवडजवळचं लहानसं गाव. मधोमध चौक, चौकात सुकदेवचं चहाचं हॉटेल, उगवतीला एक गल्ली, मावळतीला दुसरी. उगवतीच्या गल्लीत तोताराम राहायचे. ते वरणगावच्या कारखान्यात कामाला होते, युनियनचे पुढारी. जळगावला पुस्तकांची गाडी आली की रशियाहून आलेली गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं पिशवी भरून आणायचे. अर्ध्या गावाच्या पोरांच्या वह्यांना कव्हरं रशियन मासिकांचीच होती. वहीवर गव्हाच्या शेतात हसणारी बाई आणि आत पाढे.

मावळतीच्या गल्लीत जीवराम, केळीवाले. त्यांनी अमेरिका काही पाहिली नव्हती, पण त्यांच्या बोलण्यात ती रोज असायची. तिकडे एक माणूस हजार एकर कसतो, तिकडे गाईसुद्धा यंत्रानं पिळतात. एकदा का सुरू झाले की चहा गार व्हायचा.

या दोघांच्या मध्ये होती कुंदाबाई. जीवरामची थोरली बहीण आणि तोतारामची बायको. गावातल्या गावात दिलेली. बाया तिला चिडवायच्या, "कुंदे, तुह्यं बरं हाये वं. माहेर अमेरिका न् सासर रशिया. पासपोर्ट कुठी ठेवते?"

ती हसायची. पण आत कुठंतरी ते टोचायचंच, कारण तीन वर्षांत ती राखी बांधायलासुद्धा मागच्या वाटेनं जात होती.

भांडण तसं पोरकट होतं. आपला माणूस रशियाच्या यानात बसून अंतराळात गेला तेव्हा तोतारामांनी चौकात पेढे वाटले आणि गावाला भरीत-पुरीची पंगत दिली. पंगतीत जीवराम म्हणाले, "दाजी, अमेरिकेचा माणूस चंद्रावर चालून आला. तुमचे लोक नुसते चकरा मारून येतात, देवळाले मारल्यासारख्या."

तोताराम म्हणाले, "चालून आला तर काय झालं? एकाहत्तरला आपल्यावर सातवं आरमार कोणी पाठवलं ते सांग."

"आणि दुष्काळात मिलो कोणी पाठवली? तुमच्या अंगात अजून अमेरिकेची ज्वारी हाये, दाजी!"

"म्हणूनच अजून पोट दुखतं मले!"

लोक हसले, आणि तिथंच बिनसलं. हसणं कोणाच्या बाजूनं झालं यावरून आवाज चढले. रात्र व्हायच्या आत गावच्या भांड्यांची वाटणी झाली. ही भांडी दोन्ही गल्ल्यांनी मिळून घेतलेली, लग्नाकार्याला वापरायची. मोठं तांब्याचं पातेलं रशियाकडं गेलं, त्याचं झाकण अमेरिकेकडं. भरीत ठेचायची लाकडाची लांबरुंद काठवट रशियाकडं, तिची दोन मुसळं अमेरिकेकडं. निम्मं-निम्मं म्हणजे निम्मं-निम्मं! शहाण्यासुरत्या माणसांनी हे केलं, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेव्हापासून गावात धड भरीत झालं नव्हतं. भरीत म्हणजे नुसती भाजलेली वांगी नव्हेत. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे वाळलेल्या काड्यांवर, वांगी भाजायची, गरम आहेत तोवर सोलायची, काठवटीत टाकायची आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ठेचायची. एकाचं मुसळ खाली तेव्हा दुसऱ्याचं वर. एकानं घाई केली की मुसळावर मुसळ आदळतं आणि बोटं जातात. आणि या कामात पंचक्रोशीत नाव होतं ते तोताराम आणि जीवराम या जोडीचं. मेहुणे-मेहुणे ठेचायला बसले की लोक जेवण सोडून बघत राहायचे.

तर त्या वर्षी कुंदाबाईच्या मुलीला, प्रमिलाला, रशियात डॉक्टरकी शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. अशी शिष्यवृत्ती मिळालेली बाकीची मुलं आधीच गेली होती. काहींची कागदपत्रं अडकली होती, त्यात ही एक. निघायचं ठरलं ते ऐन डिसेंबरात. तोतारामांचे पाय जमिनीवर नव्हते. गावातली कुठली मुलगी आजवर धुळ्याच्या पलीकडे शिकायला गेली नव्हती.

पण घरात एक माणूस असं होतं ज्याच्यापुढं युनियनच्या पुढाऱ्याचंही काही चालत नसे. त्यांची आई, ताईबाई. म्हातारी ओट्यावर बसून म्हणाली, "पोरगी जाऊ दे. मी नही म्हनत नही. पन एवढ्या लांब जाणारी लेक भरल्या गावानं वाटेला लावायची असते. एका पंगतीत बठ्ठा गाव बसला पाहिजे आणि मामानं ओटीत नारळ टाकला पाहिजे. नही तर माह्या उंबऱ्याच्या बाहेर तिनं पाय टाकायचा नही."

"आई, काळ बदलला आता," तोताराम म्हणाले.

"काळ बदलला असंल. उंबरा तोच हाये."

आजीचा शब्द मोडून प्रमिला गेली नसती, हे तिची आई ओळखून होती. रात्री पोरीनं ट्रंकेत घातलेले कपडे पुन्हा बाहेर काढून घडी घालायला घेतले, तेव्हा कुंदाबाईला कळलं की आता हे काम आपल्याच अंगावर आहे.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. या वेळी पुढच्या वाटेनं, चौकातून. जीवराम केळीच्या बागेत निघाले होते.

"अक्का, झाकण घेऊन जाय," ते म्हणाले. "मुसळंही घेऊन जाय. पोरीसाठी मी नही म्हनत नही. पन त्या लाल पंगतीत मी बसणार नही."

"पंगत लाल असते का रे जिवा? पंगत ती पंगत."

"दाजीले सांग, आधी त्यांनी यावं माह्या दारी."

घरी आल्यावर तोताराम म्हणाले, "मी काहाले जाऊ? झाकण नसलं तर ताटांनी झाकू. मुसळं नसली तर वरवंट्यानं ठेचू."

"आणि तुमच्या मेहुण्याले कशानं आणू?" कुंदाबाई म्हणाली. "वरवंट्यानं?"

तोताराम पेपर वाचायला हॉटेलात निघून गेले.

निघायला दोनच दिवस उरले होते. संध्याकाळी सुकदेवनं बोदवडहून आलेला पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. रशिया आणि अमेरिका, दोघांचे पुढारी समोरासमोर बसले. एका टेबलावर. क्षेपणास्त्रं मोडून टाकायच्या करारावर दोघांनी सह्या केल्या.

तोताराम उठून म्हणाले, "पाहा, शेवटी रशियानं आणलं की नही जाग्यावर!"

पलीकडच्या बाकावरून जीवराम म्हणाले, "वा रे वा! अमेरिकेनं दम भरला म्हणून तर आले!"

झालं, पुन्हा तेच. ज्यांचा तंटा होता ते हात मिळवून घरी गेले आणि पिंपळखेडीत लढाई चालूच.

कुंदाबाई तेव्हा शेजारच्या दुकानात मीठ घ्यायला आली होती. तिनं सगळं ऐकलं. मीठ न घेताच ती भावाच्या घरी गेली, त्याच्या बायकोकडं.

"लताबाई, उद्या वांगी काढायची. तुह्या मळ्यातली आणि आमच्या मळ्यातली, दोन्ही."

"भट्टी कोणाच्या दारी लावायची, वन्सं?"

"कोणाच्याच नही. चौकात."

लताबाई पदर खोचून म्हणाली, "तुमचा भाऊ काय म्हनंल ते म्हनंल. या तीन वर्षांत त्या ढेकळाच्या भरताला मीही कंटाळले."

दोघी मिळून घरोघर गेल्या. रशियाच्या गल्लीत लताबाई बोलली, अमेरिकेच्या गल्लीत कुंदाबाई. बायकांनी फार विचारलं नाही. आमंत्रण कोणाचं, एवढंच विचारलं. कुंदाबाई म्हणाली, "माह्यं. माहेरही माह्यं आणि सासरही माह्यं. मग गाव कोणाचं झालं?"

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर चौकात पऱ्हाट्या रचल्या गेल्या. दोन्हीकडच्या बाया पाट्या भरभरून वांगी घेऊन आल्या. जाळ धडाडला, वांग्यांची सालं करपली, आणि तो वास दोन्ही गल्ल्यांत शिरला. त्याला काही सीमा नव्हती. एकेक करत पुरुष येऊन उभे राहिले, पण आपापल्या बाजूला. मधे जाळ आणि बायका. ताईबाईला खाटेसकट उचलून आणलं होतं. ती खाटेवरून सूचना करत होती. "उलटव वं ते, जळून जाईल!"

वांगी सोलून झाली. काठवट चौकाच्या मधोमध आली, लताबाईनं मुसळं आणून तिच्यावर आडवी ठेवली. गरम वांगी वाफाळत काठवटीत पडली. आणि आता ठेचणार कोण?

तोताराम आपल्या बाजूला हाताची घडी घालून उभे. जीवराम त्यांच्या बाजूला मिशी चोळत उभे. वाफ कमी कमी होत होती. गार झालेलं वांगं एकजीव होत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत होतं. कुंदाबाई त्या वाफेकडंच बघत होती. काठवटीतली ती वाफ म्हणजे तिच्या लेकीचं जाणं होतं.

ती पुढं झाली. दोन्ही मुसळं उचलून उभी धरली, एक या हातात, एक त्या हातात.

"ऐका," ती म्हणाली. चौकात एवढ्या मोठ्यानं ती कधी बोलली नव्हती. "ज्यांच्याजवळ साऱ्या जगाची राख करायचा दारूगोळा होता, ते एका टेबलावर बसले. त्यांच्यात आधी कोणी सही केली, वाचलं का कोणी? तुमच्याजवळ काय हाये? एक पातेलं न् एक झाकण! मी तीन म्हनते. तिनावर दोघांनी संगं उचला. आधी कोणी नही, नंतर कोणी नही. आणि नसंल जमत तर सांगा, मी न् लताबाई बसतो. मग जन्मभर मिशीवरून हात फिरवायचा नही!"

बायकांत हशा उसळला. खाटेवरून ताईबाई ओरडली, "तोत्या! ऐकलं का?"

पन्नाशी उलटलेल्या पुढाऱ्याला आई भर चौकात तोत्या म्हणाली तेव्हा जीवरामलाही हसू आवरेना.

"एक," कुंदाबाई म्हणाली. "दोन."

तीन म्हणायच्या आत दोघंही पुढं आले होते. कोण आधी आलं हे त्या दिवसापासून आजवर ठरलेलं नाही.

दोघं समोरासमोर बसले. पहिल्याच ठोक्याला मुसळावर मुसळ आदळलं. "दाजी, घाई नका करू!" "तूच उशीर केला!" दुसऱ्या ठोक्यालाही तेच. तिसऱ्याला जीवरामनं मुसळ वरच धरून ठेवलं, तोतारामांचं खाली जाऊ दिलं, मग आपलं सोडलं. धप्. धप्. मग धप्-धप्, धप्-धप्. हातांना जुनी चाल आठवली. माणसं विसरली होती, हात विसरले नव्हते. पोरं टाळ्या पिटायला लागली, कोणीतरी डफ आणला. लताबाईनं तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे टाकले आणि चर्र आवाज झाला तेव्हा सारा चौक आनंदानं ओरडला. कांद्याची पात पडली, कोथिंबीर पडली. पातेल्यात भरीत गेलं आणि तीन वर्षांनी त्याचं झाकण त्याच्यावर खणकन बसलं.

पंगत एकच बसली. या गल्लीच्या टोकापासून त्या गल्लीच्या टोकापर्यंत, मधे चौक धरून. पुऱ्या तळता तळता बायकांचे हात दुखले, पण कोणी उठेना. जेवताना तोताराम म्हणाले, "जिवा, यात मिलो नही ना?" आणि जीवराम म्हणाले, "नही, पन वरून आरमार येणार हाये, पुऱ्यांचं!"

जेवणं उरकल्यावर जीवरामनं प्रमिलाच्या ओटीत नारळ टाकला. मग घरून एक बोचकं मागवलं. त्यातून जाड, काळा, घोट्यापर्यंत येणारा लोकरी कोट निघाला. भुसावळच्या बाजारात जुने परदेशी कपडे विकायला यायचे, त्यातला.

प्रमिलानं कॉलर उलटून आतली पट्टी वाचली आणि हसायला लागली. "मामा, हा तर अमेरिकेचा!"

"मग? थंडी रशियाची, म्हणून कोट तिकडचाच पाहिजे."

"कधी घेतला रे?" कुंदाबाईनं विचारलं.

उत्तर लताबाईनं दिलं. "दिवाळीच्या आधी. शिष्यवृत्तीचं कळलं त्याच आठवड्यात. तेव्हापासून कणगीत लपवला हाये."

कुंदाबाईनं भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पदरानं डोळे पुसले.

ताईबाईनं उंबऱ्यावर पाणी ओवाळून टाकलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आणि बैलगाड्या भरून गाव भुसावळ स्टेशनावर गेलं. दिल्लीची गाडी सुटली तेव्हा प्लॅटफॉर्मवर असा जयघोष झाला की तिकीट तपासनिसानं विचारलं, कोण पुढारी चालला? सुकदेव छाती फुगवून म्हणाला, "पिंपळखेडीची लेक!"

ताईबाई पुढं चार वर्षं जगली. प्रमिलाची पत्रं ती ओट्यावर बसून सगळ्यांना वाचायला लावायची. तिकडं दूध खिडकीबाहेर ठेवलं तरी गोठतं, यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

एक्याण्णवच्या डिसेंबरात सोव्हिएत देश राहिला नाही, ही बातमी आली. तोतारामांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. गावाला वाटलं, आता जीवराम चौकात पेढे वाटतील. ते आले, पण हातात पिठलं-भाकरीची टोपली होती. ज्या घरी कोणी गेलं असेल त्या घरी शेजाऱ्यांनी न्यायची असते तशी. मेहुण्यांजवळ बसले. आपल्या हातानं घास भरवला. तोताराम नंतर निवृत्त झाले आणि पुस्तकं गावच्या शाळेला देऊन टाकली.

जीवरामनं केळीला ठिबकच्या नळ्या टाकल्या, गावात सगळ्यांच्या आधी. अमेरिका पाहणं काही झालं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, माह्या भाचीनं कोट घालून रशियाला दाखवली, तेवढी पुरे.

प्रमिला चौऱ्याण्णवला डॉक्टर होऊन परतली आणि धुळ्याला दवाखाना काढला. तो कोट तिनं रशियातच, मागून शिकायला आलेल्या एका नेपाळी मुलीला देऊन टाकला होता. लताबाईचे गुडघे तीच बघायची.

सुकदेवचं हॉटेल आता त्याचा मुलगा चालवतो. गल्ल्यांची नावं मात्र अजून तीच आहेत. टपाल त्याच नावांनी पोचतं.

कुंदाबाई थकली आहे, पण आहे. पातेलं, झाकण, काठवट आणि मुसळं चारही तिच्याच घरी असतात. कोणी न्यायला आलं की ती आधी विचारते, "ठेचायले दोघं हायेत ना?" आणि हो म्हटल्याशिवाय कुलूप काढत नाही.