आबांचे घोंगडे आणि आग्या मोहोळ

मी माझ्या जन्मदात्या पित्याच्या तोंडावर तीन वेळा मूठ मारली. पहिल्या ठोशाने त्यांचा ओठ फाटला, दुसऱ्याने खालचा एक दात पडला आणि तिसऱ्याने त्यांची शुद्ध हरपली. ही गोष्ट आटपाडीत सर्वांस ठाऊक आहे. ती कशामुळे घडली हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. सबब हे लेखन.

माझे नाव अर्जुना. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असून आटपाडीच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसे, जावळ अशा कार्यांचे फोटो मी काढतो. आमचे घराणे पिढ्यानपिढ्या मेंढपाळाचे. माझे वडील बिरदेव, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे निघतात व उन्हाळा संपेपर्यंत पाटण भागातील रिकाम्या शेतांतून तळ देत फिरतात. सोबत माझी आई रंगुबाई आणि माझा चुलतभाऊ धुळा असतो. मी ते जीवन सोडले, याचे दुःख आबांनी कधी शब्दांत व्यक्त केले नाही. परंतु स्टुडिओच्या पायरीवर त्यांनी आजवर पाऊल ठेवलेले नाही.

गेल्या वर्षी मी पुण्याच्या एका छायाचित्रकाराकडून त्याची वापरलेली लांब पल्ल्याची मॅक्रो लेन्स घेतली. साध्या मॅक्रो लेन्सने किडा टिपायचा तर त्याच्यापासून वीतभर अंतरावर तोंड न्यावे लागते. मग किडा उडून जातो, किंवा चावतो. ही लेन्स आठ-दहा फुटांवरूनही कीटकाचा डोळा दाखविते. मनुष्याची चाहूल नसल्यामुळे ते जीव आपले खरे वर्तन करतात, आणि ते वर्तन भयंकर असते. मी कोळ्याला नाकतोड्याचे जिवंत पोट शोषताना पाहिले. सुरवंटाला ओढून नेणाऱ्या मुंग्या पाहिल्या. सुरवंट शेवटपर्यंत वळवळत होता आणि त्या त्याला चालता चालता कापत होत्या. त्या चौकटीत आवाज नसतो. त्यामुळे पाहणाऱ्याला त्या हिंसेची हळूहळू सवय होते, हे मी प्रांजळपणे नमूद करतो.

माघ महिन्यात मी आठ दिवसांसाठी तळावर गेलो. तळापासून हाकेच्या अंतरावर काळ्या कातळाचा एक कडा होता व त्याच्या छपरासारख्या पुढे आलेल्या भागाखाली आग्या माशांचे मोहोळ लोंबत होते. सुपाएवढे नव्हे, दाराच्या फळीएवढे. त्याच्या समोर दहा फुटांवर एक अरुंद बैठक होती. तिथे मी कॅमेऱ्याची तिवई रोवली.

पहिल्या दिवशी मी लेन्सला धुळीसाठी काळे फडके गुंडाळले होते. पहारेकरी माशा एकामागून एक येऊन त्या फडक्यावर आपटू लागल्या. मी श्वास रोखून बसलो म्हणून वाचलो. संध्याकाळी त्या फडक्याचाच मी जवळून फोटो घेतला, तेव्हा त्यात नांग्या रुतलेल्या दिसल्या, आणि प्रत्येक नांगीला विषाची इवलीशी पिशवी लटकत होती. दुसऱ्या दिवशी मी आबांच्या जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा लेन्सला गुंडाळला व उरलेले धोतर अंगावर ओढून बसलो. दिवसभरात एकही माशी आली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा काळे फडके एका काठीला बांधून दूर रोवून पाहिले. त्याची चाळण झाली. काळे आणि केसाळ म्हणजे त्यांच्या लेखी मध लुटायला आलेले अस्वल, असा निष्कर्ष मी काढला.

त्याच सायंकाळी जेवताना मी विषय काढला.

“आबा, कड्याच्या अंगाला येताना घोंगडं तळावर ठिवून या.”

“का रं?”

“काळ्या लोकरीवर माशा धावून येत्यात. मी तीन दिस बघतोय.”

धुळा हातातली भाकरी तशीच ठेवून हसू लागला. “ऐकलं का, काका? मग आपल्या काळ्या मेंढरास्नी काय चुना फासायचा?”

“मेंढरंबी तिकडं आणू नका.”

“आरं मर्दा, तू माशांचा जावई झालास. आमाला कोण वळखतंय तिथं!”

आबा हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचे घोंगडे नीट केले. ते आमच्या आजोबांनी स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचे विणून घेतलेले होते. आमच्यात घोंगड्यावर बसून बोललेला शब्द खोटा करीत नाहीत, आणि जिवंत माणसाच्या अंगावरून त्याचे घोंगडे ओढणे हा त्याच्या मुंडाशाला हात घालण्याइतका अपमान समजतात.

“गारपिटीत माझ्या बानं मला ह्याच्याखाली घिऊन रात काढली,” आबा म्हणाले. “त्यो बाहेर ऱ्हायला. ते मी माशीला भिऊन काढू व्हय?”

“आवं, म्हणतंय ल्योक तर काढा की एक दिस,” आई म्हणाली. “काय अंगाचं कातडं हाय का ते?”

“हाय,” आबा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

पाचव्या दिवशी सकाळी मी बैठकीवर होतो. हवेत गारठा होता. माशा एकमेकींना बिलगून स्थिर होत्या व लेन्समधून मी त्यांच्या पंखांच्या शिरा मोजू शकत होतो. इतक्यात सर्व मोहोळावरून एक लाट सरकली. माशांनी एकाच वेळी पोटे वर उचलली होती. शत्रू आल्याची ती खूण. पाठोपाठ मोहोळावर जगणारी मोठी घार कड्यावरून खाली आली आणि तिने दोन्ही पंजे मोहोळात खुपसले.

मी बटण दाबून धरले. पोळ्याचा लचका तुटला. मधाच्या तारा हवेत ताणल्या गेल्या. शेकडो माशा घारीच्या तोंडावर चिकटल्या, आणि ती डोळे मिटून, मान हलवीत फाडतच राहिली. असे दृश्य मला जन्मात पुन्हा लाभणार नव्हते. मला अत्यानंद झाला होता, हे लपविण्यात अर्थ नाही. दूर कुठेतरी मेंढरे ओरडल्याचे माझ्या कानांनी ऐकले होते. मनाने ऐकले नाही. त्या लेन्समधून जग केवळ हाताच्या पंजाएवढे दिसते. पंजाच्या बाहेर काय चालले आहे, ते तिला आणि मला दोघांनाही कळत नव्हते.

घार लचका घेऊन उडाली. माशांचा ढग मात्र तिच्यामागे न जाता खाली कोसळला. मी लेन्सवरून डोळा काढला.

कड्याच्या पायथ्याशी आबा उभे होते. एका हातात माझ्या न्याहारीचे गाठोडे, अंगावर घोंगडे. मागून आलेली चार-पाच मेंढरे एकमेकांवर आदळत पळत होती. एक काळी मेंढी गोल गोल फिरली, गुडघ्यांवर पडली आणि तोंड मातीत घासू लागली. तिचे तोंड ओळखू येत नव्हते. ते माशांनी हलत होते.

आबांनी आयुष्यभर पाऊस, गारा, वारा यांपुढे जे केले तेच केले. ते खाली बसले आणि घोंगडे डोक्यावरून ओढून घेतले.

मी पांढरे धोतर उचलले व उतारावरून घसरत खाली आलो. मला मानेवर, पापणीवर, कानात डंख बसले. आबांजवळ पोहोचलो तेव्हा घोंगड्याचा काळा रंग दिसत नव्हता. त्यावर माशांचा एक जिवंत थर होता, आणि त्या कडेकडेने आत शिरत होत्या. आतून आबा गुरासारखे ओरडत होते.

“आबा, सोडा! घोंगडं सोडा!”

“न्हाई!”

“आबा, त्या घोंगड्यावरच आल्यात! टाका ते!”

“हात लावू नगंस! माझ्या बाचं हाय!”

मी ओढले. त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या आणि काठ दातांत धरला. पासष्ट वर्षांच्या त्या हातांत केवढी ताकद होती! प्रत्येक डंखाबरोबर नवा वास सुटत होता आणि त्या वासावर नवा थवा उतरत होता. विनवणीला वेळ नव्हता. काठ फाटला त्या फटीतून मला त्यांचे तोंड दिसले, आणि मी तिथे ठोसा मारला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मी सांगू शकत नाही. मी पुन्हा मारला. रक्त आणि दात घोंगड्यावर पडले, तरी मुठी सुटल्या नाहीत. तिसरा ठोसा मी जीव खाऊन कानाजवळ मारला. मुठी सुटल्या.

मी घोंगडे गोळा करून जमेल तितके लांब, करवंदीच्या जाळीवर भिरकावले. ढग फुटला. निम्म्याहून अधिक माशा त्या लोकरीमागे गेल्या, आणि ती जाळी गुणगुणत्या काळ्या राशीखाली दिसेनाशी झाली. आबांना पांढऱ्या धोतरात गुंडाळून, काखेत हात घालून मी त्यांना ओढ्याकडे फरफटत नेले. मागच्या माशा एकेक करून गळत गेल्या.

ओढ्यापलीकडून धुळा धावत आला. त्याने फक्त एवढेच पाहिले होते की, एका मुलाने बसलेल्या बापाला ठोसे मारले, त्याचे घोंगडे ओढले आणि त्याला मातीतून फरफटवले.

“बापाला मारतूस? बापाला?”

“धुळा, आरं ऐक...”

त्याची काठी माझ्या डाव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. दुसरा तडाखा पाठीत बसला. मी आबांच्या अंगावर आडवा पडलो, म्हणून तिसरा त्यांना लागला नाही. तेवढ्यात धोतरातून एक माशी बाहेर येऊन धुळ्याच्या गालावर बसली आणि त्याचे लक्ष आबांच्या तोंडाकडे गेले. सुजून डोळे नाहीसे झाले होते. त्याने काठी टाकली.

पाटणच्या दवाखान्यात आबा तीन दिवस बेशुद्ध होते. परिचारिकेने त्यांच्या अंगातून चिमट्याने नांग्या काढल्या. चौथ्या दिवशी त्यांचा एक डोळा उघडला. त्यांनी आईला विचारले, “घोंगडं कुठं हाय?” माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. त्यानंतर एकवीस दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच दिवशी मी पांढरे कपडे घालून जाळीपाशी गेलो. माशा मोहोळावर परतल्या होत्या. तिवई कॅमेऱ्यासह उभीच होती. घोंगडे नुसत्या डोळ्यांना थोडे खरबरीत वाटत होते, एवढेच. मी ते दगडावर पसरले, मोडका हात गळ्यात अडकवून लेन्स त्यावर रोखली. एकेक धागा दोरखंडासारखा दिसू लागला, आणि त्या दोरखंडांत बोट टेकवायलाही जागा न ठेवता नांग्या रुतल्या होत्या. एका ठिकाणी आबांचे वाळलेले रक्त होते. मी तो फोटो मोठा छापून घेतला आणि घोंगडे आईच्या हवाली केले.

आटपाडीला परतलो तेव्हा भावकीने बैठक बोलावली होती. देवळाच्या कट्ट्यावर वीस-पंचवीस माणसे बसली होती. आमच्यातील वडीलधारे नानासो यांनी विचारले, “बापावर हात उचललास?”

“उचलला.”

“किती डाव?”

“तीन डाव.”

“घोंगडं वढलंस?”

“वढलं.”

“मग राह्यलं काय?” कोणीतरी मागून म्हणाले. “ह्याला जत्रंत देवाफुडं उभं करू नका. आणि ह्याच्या घरात पोरगीबी देऊ नका.”

धुळा मान खाली घालून बसला होता. त्याला साक्ष विचारली तेव्हा तो म्हणाला, “मी बघितलं ते खरं हाय. पर मी लांबनं बघितलं.”

इतक्यात आबा आले. आईने हात धरला होता. तोंड अजून एका बाजूला सुजलेले, एक डोळा अर्धा मिटलेला, खांद्यावर घोंगडे. त्यांनी माझ्यापुढे हात केला.

“फोटू काढलाईस म्हणं. दाव.”

मी कागद दिला. त्यांनी तो चांगल्या डोळ्याजवळ नेला, दूर नेला, पुन्हा जवळ नेला.

“हे काय दोरं हाईत?”

“तुमच्या घोंगड्याची लोकर हाय, आबा.”

“आन हे काटं?”

“नांग्या.”

“ह्या समद्या मला लागायच्या हुत्या?”

“व्हय.”

त्यांनी कागद नानासोंकडे दिला. तो हातोहात फिरू लागला.

“अर्जुना, हिकडं ये.”

मी समोर गेलो. त्यांनी माझ्या कानाखाली अशी चपराक मारली की डोळ्यांपुढे अंधारी आली. सावरतो न सावरतो तोच दुसरी बसली. ओठ दातावर आपटून फुटला. आबांना धाप लागली होती. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“किती झाल्या?”

“दोन, आबा.”

“लबाड बोलत न्हाई,” ते नानासोंकडे पाहून म्हणाले आणि तिसरी मारली. ती सर्वांत जोराची होती. मी कट्ट्यावर पडलो.

“फिटलं,” आबा म्हणाले. “आता ह्याच्यावर कुणी त्वांड उघडायचं न्हाई.”

त्यांनी खांद्यावरचे घोंगडे काढून कट्ट्यावर पसरले. आईने तीन आठवडे वेचूनही त्यातल्या साऱ्या नांग्या निघाल्या नव्हत्या. ते स्वतः एका बाजूला बसले आणि शेजारची जागा हाताने थोपटली.

“बस.”

मी बसलो. वाळलेल्या नांग्या मांडीला टोचत होत्या. मी जराही हललो नाही.