मुळं धरेपर्यंत

फुटबॉलच्या वर्ल्डकपला सहा-सात महिने उरले होते आणि अख्ख्या दोह्याला हिरवं करायचा हुकूम सुटला होता. ओल्ड एअरपोर्टच्या चौकात ट्रेलर भरभरून खजुराची मोठाली झाडं येत होती. झावळ्या वर ओढून दोरीनं करकचून बांधलेल्या. उल्का बाल्कनीतून बघत होती. हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

उल्का नाशिकची. दोह्यातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिला बागेवर नृत्यनाट्य बसवायचं होतं. गाणं नाही, घागरे नाहीत, नुसती शरीरं. पण तालमीत सहा बायका फुलं होऊन हसत हात हलवायच्या. बाग कसली, डोंबलाची! एरोबिक्स होतं ते.

ती तशीच खाली उतरली आणि माळ्याला गाठलं. "भैया, ये बांध के क्यों रखा है?"

माळ्याचं नाव दिलावर, मुलतानचा. "बाजी, पेड़ अपनी ज़मीन से उखड़ के आया है. जड़ पकड़ने से पहले खोलो तो सूख जाता है." त्यानं बुंधा धरून हलवला. "हिला, तो रस्सी नहीं खुलेगी. फिर कोई भी साहब बोले."

उल्काला तिची बाग सापडली. फुलं खलास. आता सहा बायका हात वर बांधून उभ्या, परक्या मातीत, आणि एक माळी येऊन एकेकीची दोरी सोडणार. माळी दिलावरच. पाच शुक्रवार तो सुट्टी मोडून तालमीला आला. त्याची अट एकच: बायकांना हात लावणार नाही, दोरीचं टोक ओढून बघेन, जी हलणार नाही तिचीच सरकगाठ सोडेन.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रंगीत तालमीत मंडळाचे अध्यक्ष श्रीपती भडकले. "लेबर? स्टेजवर? उल्का, पासवर छापलंय, फॅमिलीज ओन्ली!"

"त्याचीही फॅमिली आहे. मुलतानला आहे. आणायला व्हिसा तुम्ही देताय का?"

"तसं नाही गं. माळ्याचं काम आपला एखादा इंजिनियर करेल. त्यात काय?"

"मग इंजिनियरच नाचवा. बाग रद्द. त्या दहा मिनिटांत तुम्ही फुटबॉलवर भाषण करा."

भाषणाच्या कल्पनेनं श्रीपतींचे डोळे चमकलेसुद्धा. पण बागेतलं सहावं झाड म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, जयमाला. त्या ओरडल्या, "पाच आठवडे हात वर करून माझे खांदे गेले! उद्या मी स्टेजवर नसले तर घरी जेवायला मिळणार नाही, सांगून ठेवते!"

अध्यक्षांनी नियमाचा कागद घडी घालून खिशात टाकला. मंडळाची तत्त्वं ही अशी. वरणभातापुढे टिकत नाहीत.

शुक्रवारी शाळेचं सभागृह गच्च भरलं. दिवे लागले. दिलावर धुतलेल्या गणवेशात आला. पहिलीची दोरी ओढली. ती हलली नाही. गाठ सुटली, हात सावकाश पसरले, बोटं झावळ्यांसारखी थरथरली. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. विंगेत उल्का पडद्याची दोरी धरून उभी होती.

सहाव्या जयमाला. पहिल्या रांगेत त्यांच्या भिशीच्या मैत्रिणी बसल्या होत्या. त्यांना बघून जयमालाबाईंना हसू फुटलं. दिलावरनं दोरी ओढली, त्या डुलल्या. पुन्हा ओढली, पुन्हा डुलल्या. दिलावरनं मान हलवली, पायाशी झारीनं पाणी घातल्यासारखं केलं आणि तो विंगेकडे चालू लागला.

"अरे!" जयमाला कुजबुजल्या. "मेरा खोलो ना!"

लोक खो खो हसायला लागले. श्रीपती खुर्चीतून उठले. "ए भाई, छोड़ उसको! मैं अध्यक्ष हूँ!"

दिलावर वळला, अदबीनं झुकला. "साहब, अभी जड़ नहीं पकड़ी."

टाळ्यांनी छत हादरलं. पडदा ओढायचं उल्काला भानच राहिलं नाही. जयमाला हात वर बांधलेले तशाच उभ्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. मग हसू ओसरलं, त्यांनी डोळे मिटले आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्या खरोखर निश्चल उभ्या राहिल्या.

दिलावर परत आला. दोरी ओढली.

हलल्या नाहीत.