पिण्यास योग्य

“ही सही कोणाची?” चौकशी अधिकाऱ्याने विचारले.

टेबलावर चार अहवाल होते. बाईंनी चष्मा पुसून पाहिले. “माझीच,” म्हणताना त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. चारही कागदांवर एकच शेरा होता: पाणी पिण्यास योग्य.

आणि तक्रार तर बाईंनीच केली होती! नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात त्यांची एकोणतीस वर्षे गेली. व्याह्यांच्या घरीसुद्धा पेला आधी नाकाशी नेत. सुनेला मेल्याहून मेल्यासारखे होई. अशा बाईंना खालच्या वस्तीच्या पाण्यात सलग चार आठवडे सांडपाणी सापडले. दर वेळी त्यांनी प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितले, दर वेळी साहेब म्हणाले, “बघतो.” मग काविळीने वस्तीतली तीन माणसे गेली, तेव्हा बाईंनी थेट वरच्या कार्यालयात अर्ज दिला.

“मी ‘अयोग्य’ सांगितलं होतं हो!”

“तोंडी. कागद काय म्हणतोय?”

आत्ता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दर सोमवारी साहेब कोऱ्या अहवालांचा गठ्ठा पुढे सरकवत. “बाई, सह्या तेवढ्या करून ठेवा. निकाल आम्ही टाइप करून घेतो, तुमचा वेळ वाचेल.” आणि त्या भराभर सह्या ठोकत. वर साहेब किती समजूतदार म्हणून घरी कौतुक! स्वतःच्या भोळेपणाचा त्यांना संताप आला.

अधिकाऱ्याने आवाज खाली आणला. “मावशी, सात महिन्यांनी रिटायर होताय. अर्ज मागे घ्या, हे कागद मी पाहिलेच नाहीत. नाहीतर साहेबांच्या आधी तुम्हीच आत जाल.”

पेन्शन, नवऱ्याची औषधे, सगळे बाईंच्या डोळ्यांपुढून गेले. पण गेलेल्या तिघांत एक मुलगी नऊ वर्षांची होती.

“लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. “सह्या माझ्या. कोऱ्या कागदावर केल्या, ही चूक माझी. पाणी घाण आहे हे मी साहेबांना चारदा सांगितलं. अर्ज मागे घेत नाही.”

“विचार करा, मावशी.”

“तो पहिल्या सोमवारीच करायला हवा होता.”

जबाब टाइप होऊन आला. अधिकाऱ्याने पेन पुढे केले. बाईंनी ते बाजूला ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. तो घड्याळाकडे बघत राहिला, त्या वाचत राहिल्या. शेवटच्या ओळीखाली अर्धे पान मोकळे होते. त्यांनी त्यावर तिरकी रेघ मारली. मग शेवटच्या शब्दाला अगदी चिकटून त्यांनी सही केली.